यंत्राच्या आधारानं चालताना

मेंदूविकारांच्या काही ओपीडींमध्ये जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन रेघा दिसतात. दोन्हींमधलं अंतर २५ फूट. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या, म्हणजे बोलताना ज्याला सगळे एमएस म्हणतात त्या आजाराच्या रुग्णाला पहिल्या रेघेवर उभं करायचं, ‘सांभाळून, पण जमेल तितकं भरभर चाला’ असं सांगायचं आणि स्टॉपवॉच सुरू करायचं. धडधाकट तरुण माणूस हे अंतर चार-पाच सेकंदांत कापतो. सहा सेकंद ओलांडले की नोकरीचं स्वरूप बदलावं लागणं, हातात काठी येणं अशा गोष्टी सुरू झालेल्या दिसतात. आठ सेकंदांच्या पुढे गेलेल्यांपैकी अनेकांना वॉकर लागतो, बाजारहाट आणि स्वयंपाक एकट्यानं उरकत नाही. दोन-तीन सेकंदांचा हा फरक एखाद्या घराची सगळी घडी बदलून टाकतो. या पुस्तकात ज्या यंत्रांची माहिती आहे, ती शेवटी या काही सेकंदांसाठी आणि त्यामागच्या आयुष्यासाठी आहेत.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते. मज्जातंतूंभोवतीचं मायलिनचं आवरण जागोजागी सोलवटतं, तिथे घट्ट चट्टे पडतात आणि संदेश मंदावतात, चुकतात किंवा पोचतच नाहीत. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातल्या जाँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराची स्वतंत्र ओळख पक्की केली. पण आजार त्याआधीही होताच. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस देस्ते याला १८२२ मध्ये अचानक अंधुक दिसू लागलं, पुढे पाय लटपटू लागले आणि अखेरीस चाकांची खुर्ची आली. ही सारी वाटचाल त्यानं रोजनिशीत लिहून ठेवली, आणि ती वाचताना आजचा कोणताही मेंदूविकारतज्ज्ञ निदान सांगू शकतो. जगात आज अंदाजे २८ लाख लोक एमएससह जगत आहेत. भारतात प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरंच कमी असलं, तरी लोकसंख्या मोठी असल्यानं रुग्ण थोडे नाहीत. पुरुषांच्या दुपटीहून अधिक स्त्रियांना हा आजार होतो आणि तो बहुतेकदा विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो. नोकरीत पाय रोवायचे, लग्न करायचं, कडेवर मूल घ्यायचं, ते हे वय.

अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये मांडलेली शून्य ते दहाची मोजपट्टी आजही जगभर वापरतात. रुग्णांच्या फायलींवर ‘ईडीएसएस’ असं लिहून पुढे आकडा टाकलेला असतो, तो हाच. या पट्टीवर चारच्या पुढे जवळपास सगळा हिशेब चालण्याचा आहे. ६ म्हणजे १०० मीटर जायला एका बाजूचा आधार हवा, ६.५ म्हणजे दोन्ही हातांना आधार घेऊन जेमतेम २० मीटर. ७ म्हणजे आधार घेऊनही पाच मीटरच्या पुढे जाता येत नाही, दिवस व्हीलचेअरवर जातो. हातांचं कौशल्य, स्मरणशक्ती, लघवीवरचा ताबा, थकवा यांना ही पट्टी पुरेसा न्याय देत नाही, ही टीका जुनी आणि रास्त आहे. तरीही रुग्णांना ‘तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?’ असं विचारलं, तर बहुतेकांचं पहिलं उत्तर चालण्याबद्दलच असतं. यंत्राच्या साहाय्यानं चालण्याचा सराव मुख्यतः ६ ते ७ या टप्प्यातल्या माणसांसाठी आहे. त्याच्या अलीकडच्यांना साधा व्यायाम अधिक लागू पडतो. पलीकडच्यांसाठी हेतूच वेगळा ठेवावा लागतो, त्याबद्दल पुढे येईलच.

चालणं नेमकं कुठे बिघडतं, हे समजून घेतल्याशिवाय यंत्राकडे वळू नये, असं मला फार वाटतं. कुणाचा पाय घोट्यातून वर उचलला जात नाही. चप्पल फरशीला घासते, उंबरठ्याला अडकते. कुणाचे स्नायू इतके ताठरतात की गुडघा वाकत नाही, मग पाय बाजूनं अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणावा लागतो. कुणाची ताकद शाबूत असते पण तोल नसतो. पावलाखाली काय आहे हेच न कळल्यामुळे नजर सतत जमिनीवर खिळते आणि अंधारात, किंवा तोंडावर साबण लावून डोळे मिटले असताना, माणूस कोसळतो. एकाच माणसात या सगळ्या तऱ्हा वेगवेगळ्या मापात असू शकतात. त्यात आणखी एक गुंता आहे. ताठर पाय त्रास देतो तसा उभंही ठेवतो. औषधाचा डोस वाढवून ताठरपणा जास्त उतरवला, तर ज्या पायावर बाई कशीबशी उभी राहत होती तोच पाय दुमडतो. म्हणून औषध देणारे डॉक्टर आणि चालायला शिकवणारे फिजिओथेरपिस्ट यांचं आपसात बोलणं व्हायलाच हवं. आपल्याकडे ते फार कमी होतं, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

मग थकवा. एमएसचा थकवा म्हणजे दिवसभर राबून आलेला शीण नव्हे; सकाळी पुरेशी झोप घेऊन उठलेल्या माणसालाही तो दहा वाजता गाठतो. टँकरचं पाणी येणाऱ्या घरात प्रत्येक तांब्याचा विचार करतात, तसा या रुग्णांना प्रत्येक हालचालीचा विचार करावा लागतो: आंघोळ केली तर केस विंचरायला हात उरतील का, दवाखान्यात गेले तर संध्याकाळी मुलाचा अभ्यास घेता येईल का. त्यात उष्णतेची भर. शरीराचं तापमान थोडंसं वाढलं तरी सोलवटलेल्या तंतूंमधून जाणारा संदेश अडखळतो. १८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथोफ यांनी श्रमानंतर रुग्णांची नजर अंधुक होते हे नोंदवलं, म्हणून त्यांचं नाव या प्रकाराला मिळालं. शरीर थंड झालं की लक्षणं ओसरतात, त्यातून नवं नुकसान होत नाही. पण भीती बसायची ती बसलीच. अनेक दशकं एमएसच्या रुग्णांना ‘दमू नका, आराम करा’ हाच सल्ला मिळाला. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातल्या पेटाजन आणि सहकाऱ्यांनी ५४ रुग्णांचा १५ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नियमित व्यायाम करणाऱ्यांची दमछाक कमी झाली, ताकद वाढली, मन सावरलं. तिथून वारं फिरलं. आपल्याकडे मात्र आजही घरातली वडीलधारी माणसं मायेनं ‘तू बस, मी करते’ म्हणत राहतात आणि पाय आजारानं जितके जातात त्यात न वापरल्यानं जाण्याची भर पडते.

यंत्रांचा जन्म एमएससाठी झालेला नाही, हे इथेच सांगायला हवं. मेंदूशी संबंध तुटलेल्या मांजराच्या मज्जारज्जूतही पावलं टाकण्याची लय शिल्लक असते आणि ट्रेडमिलवर सराव दिला की मागचे पाय पुन्हा चालू लागतात, हे विसाव्या शतकातल्या प्रयोगांनी दाखवलं. त्यावरून कॅनडातल्या ह्यूग बार्बो यांच्यासारख्या संशोधकांनी माणसांना वरून पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर चालवण्याची पद्धत आणली. पद्धत चांगली होती, पण राबणाऱ्यांची कंबर मोडणारी. रुग्णाच्या दोन्ही बाजूंना एकेक फिजिओथेरपिस्ट बुटक्या स्टुलावर बसून त्याचा पाय हातानं उचलून पुढे ठेवायचा आणि तिसरा मागून कंबर सांभाळायचा. रुग्ण दमण्याआधी ही माणसं दमायची. झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयात गेरी कोलंबो आणि सहकाऱ्यांनी या हातांच्या जागी मोटारी बसवल्या, आणि त्यातून लोकोमॅट हे आज सर्वांत परिचित असलेलं यंत्र उभं राहिलं. बर्लिनमध्ये श्टेफान हेस्से यांनी दुसरी वाट धरली: मांडीला-पोटरीला काही न बांधता फक्त पावलं दोन हलत्या पट्ट्यांवर ठेवायची आणि त्या पट्ट्यांनी चालण्याची लय द्यायची. त्याहीआधी, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, बेलग्रेडमध्ये मिओमिर वुकोब्रातोविच यांनी अंगावर चढवण्याचा चालता सांगाडा बनवला होता. तोल राखण्याचं जे गणित त्यांनी मांडलं, त्यावर पुढे माणसासारखे चालणारे रोबोटही उभे राहिले.

लोकोमॅटवर चढण्याचा सोहळा एकदा जवळून पाहावा. आधी कमरेच्या सांध्यापासून गुडघ्यापर्यंत मोजमाप घेतात, कारण यंत्राचा गुडघा आणि माणसाचा गुडघा एका रेषेत आले नाहीत तर प्रत्येक पावलाला सांधा चुकीच्या जागी ओढला जातो. मग छाती-कमरेला हार्नेस, मांड्यांमधून पट्टे, मांडीला आणि पोटरीला गादीदार कड्या, पाऊल खाली लोंबू नये म्हणून चवड्याखाली स्प्रिंगचा पट्टा. हे सगळं बांधायलाच पहिल्या दिवशी अर्धा तास जातो. नंतर रुग्णाला वर उचलतात, पाय हवेत हलवून पाहतात आणि हळूच ट्रेडमिलवर टेकवतात. सुरुवातीला शरीराचं जवळपास निम्मं वजन यंत्र पेलतं. वेग ताशी दीड ते दोन किलोमीटर. एमएसच्या रुग्णाच्या बाबतीत काही गोष्टी इथे जास्त जपाव्या लागतात. त्वचेला जाणीव कमी असल्यानं कडी रुतली तरी त्याला कळत नाही, म्हणून उतरल्यावर मांड्या-पोटऱ्या उघडून लाल वळ पाहायचेच. लघवीची घाई अचानक होते आणि इतके पट्टे सोडवायला वेळ लागतो, म्हणून चढण्याआधी जाऊन येण्याची आठवण न लाजता करायची. खोलीत एसी हवा, नाहीतर निदान पंखा समोर. मधेच पायाला गोळा आला तर यंत्र स्वतःहून थांबतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण हे आधी सांगितलेलं नसेल तर रुग्ण पुन्हा त्यावर चढायला धजत नाही.

जमिनीवर चालवणारे सांगाडे, ज्यांना एक्सोस्केलेटन म्हणतात, हा निराळा वर्ग. इस्रायलचे अमित गोफर अपघातात मानेखाली लुळे पडल्यावर त्यांनी रिवॉक बनवला. तो वापरायला कुबड्या धरणारे हात लागतात, त्यामुळे त्यांचा स्वतःचाच शोध त्यांना वापरता आला नाही. जपानमध्ये योशियुकी सांकाई यांचा ‘हाल’ त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून स्नायूंचे क्षीण विद्युत संदेश टिपतो आणि त्या इशाऱ्यावर मोटार चालवतो. कॅलिफोर्नियातल्या एक्सो बायॉनिक्सच्या सांगाड्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जून २०२२ मध्ये एमएसच्या रुग्णांच्या पुनर्वसनासाठी मंजुरी दिली. मज्जारज्जूची इजा आणि पक्षाघात यांना ती सहा वर्षं आधीच मिळालेली होती. असा सांगाडा साधारण २५ किलोचा असतो, पण त्याचं वजन त्याच्याच पायांवरून जमिनीत जातं. ट्रेडमिलवर रुग्ण तोललेला असतो. इथे मात्र त्याला वजन एका पायावर घ्यावं लागतं, तेव्हाच दुसरं पाऊल उचललं जातं. डोकं, खांदे, कंबर सगळं कामाला लागतं. म्हणून ज्यांच्या धडात थोडी पकड शिल्लक आहे त्यांच्यासाठी मला हा प्रकार अधिक मोलाचा वाटतो.

पक्षाघातात घाव एकदा बसतो, मग माणूस हळूहळू सावरतो. यंत्राचे कार्यक्रम त्या चढत्या वाटेसाठी आखलेले आहेत. एमएसची वाट तशी नाही. कुणाला अटॅक येतो, स्टिरॉइड दिल्यावर उतरतो. कुणाचा आजार अटॅक न येताच मुरत जातो. मार्चमध्ये कमावलेलं बळ मे महिन्याच्या उन्हात गेल्यासारखं वाटतं आणि जूनमध्ये परत येतं. अशा आजारात ‘किती सुधारणा झाली?’ हा प्रश्न एकटा पुरत नाही. आहे ते वर्षभर टिकलं, तर तेही यशच असतं. हे रुग्णाला, घरच्यांना आणि विमा कंपनीलाही पटवून द्यावं लागतं, आणि तिसऱ्याला पटवणं सगळ्यात अवघड.

पुरावा काय सांगतो? इटलीत फेरारा इथल्या सोफिया स्ट्राउडी आणि सहकाऱ्यांचा रॅगटाइम अभ्यास या विषयात महत्त्वाचा आहे. मुरत जाणारा एमएस असलेले, ईडीएसएस ६ ते ७ मधले ७२ रुग्ण त्यात होते. एका गटाला यंत्रावर सराव दिला, दुसऱ्याला तितक्याच नेटानं फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली जमिनीवर चालवलं. दोन्ही गट सुधारले, आणि यंत्राचा गट दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. सराव थांबल्यावर फायदा ओसरत गेला. हा निकाल यंत्रांच्या विरोधातला म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. मी तो वेगळा वाचते. इतक्या पुढच्या टप्प्यातली माणसंही नेटानं चालवली तर सुधारतात, ही त्यातली सगळ्यात मोठी बातमी आहे. ज्यांना ‘आता काही होणार नाही’ म्हणून घरी पाठवलं जातं, त्यांच्याबद्दलची ही बातमी आहे. दुसरं, तुलनेतला साधा सराव आपल्या वॉर्डात मिळतो तसा साधा नव्हता. एका रुग्णामागे एक प्रशिक्षित माणूस, तेही आठवड्यातून अनेकदा, एवढी चैन आपल्या किती रुग्णालयांत परवडते? जिथे असे हात आहेत तिथे यंत्राची घाई नको. जिथे नाहीत, तिथे यंत्र दोन माणसांचं ओझं एका माणसावर आणू शकतं. या पुस्तकाच्या संपादनात माझा आग्रह एवढाच होता, की यंत्राची बाजू मांडताना ही तुलना कुठेही झाकली जाऊ नये.

आणखी एक धोका प्रत्येक वाचकानं लक्षात ठेवावा. यंत्र शंभर टक्के मदत करत असताना पाय सुंदर चालतात आणि माणूस आत निवांत असतो. पडद्यावर पावलांचा आकडा हजारावर जातो, घरचे मोबाइलवर व्हिडिओ काढतात, आणि मेंदूनं त्यातलं काहीच केलेलं नसतं. शिकायचं तर स्वतःच्या पायाचा जोर लागला पाहिजे, थोडं चुकलं पाहिजे, चूक सावरता आली पाहिजे. म्हणून चांगला फिजिओथेरपिस्ट मदत थोडी थोडी काढून घेत जातो आणि चेहरा वाचत राहतो. बोलणं तुटक झालं, पाऊल घासायला लागलं की थांबायचं, मग वीस मिनिटं झालेली असोत की बारा. किती दमवायचं आणि कुठे थांबायचं, ही समज यंत्रात नाही. ती शेजारी उभ्या माणसात असते.

ज्यांचं चालणं परत येण्याची शक्यता फारशी नाही, त्यांच्या बाबतीत मी यंत्राचा विचार साफ सोडून द्यायला सांगत नाही. वर्षानुवर्षं बसून असलेल्या माणसाला उभं राहून समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलता येणं ही लहान गोष्ट नाही. उभं राहण्यानं ताठरपणा तात्पुरता सैल होतो, रात्री पाय कमी झटकतात, पोट साफ होतं, असं कितीतरी जण सांगतात. हेतू तोच ठेवावा आणि तसा आधी बोलून घ्यावा. चालायला लावू असं सांगून पैसे घेणं आणि हातात हे देणं, ही फसवणूक आहे.

आता आपल्या घराबद्दल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मल्टिपल स्क्लेरॉसिसला २१ प्रकारांच्या यादीत नावानिशी जागा दिली. त्यामुळे प्रमाणपत्र, सवलती, नोकरीतलं संरक्षण यांचा दरवाजा उघडला. मुंबईत १९८५ मध्ये सुरू झालेल्या मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियानं रुग्णांना एकमेकांपर्यंत पोचवण्याचं मोठं काम केलं आहे. गटारात माणूस उतरू नये म्हणून ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव बनवणाऱ्या तिरुवनंतपुरमच्या जेनरोबॉटिक्सनं चालण्याच्या सरावाचं यंत्रही बनवलं आहे. परदेशी यंत्रांच्या किमती पाहता अशा प्रयत्नांकडे माझं आशेनं लक्ष आहे. पण लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा पुण्या-मुंबईला येणं जमत नाही. प्रवासातच त्या दिवसाचं सगळं बळ संपतं, आणि मग यंत्रावर चढतं ते दमून गेलेलं शरीर. अशांसाठी काही आठवड्यांचा सलग मुक्काम आणि नंतर घरच्या घरी करायचा व्यायाम, अशी आखणी जास्त शहाणपणाची ठरते. घोट्याला आधार देणारा हलका स्प्लिंट, योग्य उंचीची काठी, संडासात धरायला दांडा, न्हाणीघराच्या उंबऱ्याला उतार या गोष्टी कोट्यवधींच्या यंत्रापेक्षा आधी यायला हव्यात. काठी घ्यायला लाजून दोन वर्षं भिंती धरत चालणारी आणि शेवटी खुबा मोडून घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

पॅकेजचे पैसे भरण्याआधी केंद्राला विचारायचे प्रश्न पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात आहेत. त्यांतले तीन इथे सांगते. पहिल्या दिवशी माझं चालणं कशानं मोजणार आणि शेवटच्या दिवशी तेच पुन्हा मोजणार का? माझ्याबरोबर यंत्रापाशी कोण उभं राहणार, आणि त्या व्यक्तीनं याआधी एमएसचे रुग्ण हाताळले आहेत का? कार्यक्रम संपल्यावर घरी काय करायचं, ते लिहून देणार का? या प्रश्नांना सरळ उत्तरं देणारी केंद्रं आहेत. जिथे प्रश्न टाळले जातात तिथून उठून यावं, मग यंत्र कितीही नवं असो.

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना एक विनंती: थकव्यावरचं दुसरं प्रकरण आधी वाचा, यंत्रांवरचं चौथं नंतर. रुग्णांनी आणि घरच्यांनी कुठूनही सुरुवात केली तरी चालेल. आकृत्या मोठ्या छापल्या आहेत आणि अक्षरही मुद्दाम ठळक ठेवलं आहे, कारण या आजारात डोळेही दमतात.